‘बाय’ दाबलं म्हणजे वस्तू आपली होते का? लातूरच्या एका रिपेअरवाल्याचं उत्तर

अहमदपूरकडच्या एका इंजिनिअरिंगच्या पोरानं विचारलंय, थोडक्यात असं: काका, मी किंडलवर (अमेझॉनचं ई-बुकचं यंत्र) पुस्तकं घेतली, स्टीम ह्या गेमच्या ऑनलाइन दुकानातून गेम घेतले, धाकट्या बहिणीसाठी नीटचा पेनड्राइव्ह कोर्स घेतला, हे सगळं माझं झालं का? आणि कॉपी होऊ नये म्हणून त्याला लावलेलं लॉक तोडून स्वतःपुरती कॉपी ठेवली तर गुन्हा होतो का? होस्टेलवर म्हणे दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते लॉकला हात लावला की सरळ जेल. दुसरी म्हणते कंपन्याच लुटारू आहेत, टेलिग्रामवरून उचला अन् मोकळे व्हा.

भावा, दोन्ही पार्ट्या चुकल्यात. तू पाठवलेले स्क्रीनशॉट बघितले, त्यात जो तो डीएमसीए, डीएमसीए करतोय. डीएमसीए हा १९९८ चा अमेरिकेचा डिजिटल कॉपीराइटचा कायदा आहे, तो अहमदपुरात लागत नाही. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यात २०१२ ला मोठी दुरुस्ती झाली, लॉकबद्दलचं कलम तेव्हा आलं, आणि ते अमेरिकेपेक्षा बरंच वेगळं आहे. पण आपली पोरं बघतात ते टेकवाले चॅनल सगळे तिकडचे, मग वादही तिकडचाच घालतात. मी वकील नाही. लातुरात लॅपटॉप-मोबाइल रिपेअर आणि डेटा रिकव्हरीचं दुकान चालवतो, सीडी रायटरच्या जमान्यापासून. ह्या कलमांवर आमची भाकरी आहे म्हणून ती नीट वाचून ठेवलीत, बस.

आधी तुझा पहिला प्रश्न, माझं झालं का. बहुतेक ठिकाणी नाही झालं. बटणावर ‘बाय’ लिहिलेलं असतं, पैसेही पूर्ण कापतात, पण खाली जे ‘आय ॲग्री’ आपण न वाचता दाबतो त्यात लिहिलेलं असतं की तुम्हाला वापरायचं लायसन मिळतंय. कॅलिफोर्नियानं सप्टेंबर २०२४ मध्ये कायदा केला की हे ग्राहकाला स्पष्ट सांगा, तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला, आणि त्याच्या आधीच ऑक्टोबरमध्ये स्टीमनं पेमेंटच्या पानावर तशी ओळ टाकली. तुझ्या मित्रांनी ती बघून आरडाओरडा केला, पण नियम बदलला नव्हता, फक्त आधी लपलेली ओळ वर आली.

लायसन म्हणजे काय हे ज्यांना कळायचं त्यांना फार आधी कळलं. २००९ च्या जुलैमध्ये अमेझॉननं लोकांच्या किंडलमधून विकलेली पुस्तकं रात्रीतून परत काढून घेतली, आणि पुस्तकं कुठली तर जॉर्ज ऑरवेलची, त्यात पाळत ठेवणाऱ्या सत्तेवरची ‘१९८४’ ही कादंबरी सुद्धा. विकणाऱ्याकडं हक्कच नव्हते हे खरं, पैसेही परत दिले, पण एका शाळकरी पोरानं त्यात काढलेल्या नोट्स पार निकामी झाल्या आणि तो कोर्टात गेला. मायक्रोसॉफ्टनं २०१९ ला आपलं ई-बुकचं दुकान बंद केलं तेव्हा लोकांनी घेतलेली पुस्तकंही गेली. रिफंड दिला म्हणा. गेमवाल्यांना ‘द क्रू’ हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम माहीत असेल, तो काढणाऱ्या युबिसॉफ्ट कंपनीनं ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केला आणि एकट्यानं खेळायचा भागसुद्धा मेला, कारण गेमला प्रत्येक वेळी सर्व्हरकडं हजेरी लावावी लागायची. त्यावरून, विकलेले गेम असे मारू नका म्हणून, युरोपात सह्यांची मोहीम निघाली आणि २०२५ च्या जुलैपर्यंत १० लाखांच्या वर सह्या झाल्या. आणि किंडलवर पुस्तक कॉम्प्युटरवर उतरवून केबलनं टाकायची जी सोय होती ती २६ फेब्रुवारी २०२५ ला काढून टाकली. ज्यांनी त्याआधी उतरवून ठेवलं त्यांचं ठेवलं, बाकीच्यांचं राहिलं.

म्हणून मी पोरांना पैसे द्यायच्या आधी एकच गोष्ट बघायला सांगतो. नेट बंद, अकाउंट बंद, कंपनी बंद, असं झालं तर माझ्या हातात एखादी फाईल उरते का जी दुसऱ्या कुठल्याही ॲपमध्ये उघडंल? उरत असेल तर घेतलं म्हणायचं. उरत नसेल तर भाड्यानं घेतलंय असं समजून तेवढेच पैसे मोजायचे. जीओजी ह्या गेम विकणाऱ्या साइटवर गेमचा पूर्ण इन्स्टॉलर मिळतो, तो हार्डडिस्कवर टाकून ठेव, कुणाला विचारायची गरज नाही. कॅलिफोर्नियाच्या कायद्यातही अशी कायमची ऑफलाइन डाउनलोड होणारी वस्तू वगळलीय, म्हणजे फरक त्यांनाही कळतो.

‘नेट बंद’ आपल्या मराठवाड्यात काही कल्पनेतली गोष्ट नाही. २०२३ च्या ऑक्टोबरच्या शेवटी बीडमध्ये जाळपोळ झाली तेव्हा संचारबंदी लागली आणि इंटरनेट बंद केलं, पुढं फेब्रुवारी २०२४ मध्ये जालना, बीड, संभाजीनगरला परत तेच. तेव्हा आमच्याकडं फोन येत होते की लेक्चर डाउनलोड केलेलं आहे, फोनमध्ये दिसतंय, पण चालंना. चालणार कसं, त्या ॲपला दर थोड्या दिवसांनी सर्व्हरला विचारावं लागतं की ह्याची व्हॅलिडिटी आहे का. (नेटबंदीचा आदेश सरकारनं प्रसिद्ध केला पाहिजे आणि बेमुदत बंदी चालत नाही, असं सुप्रीम कोर्टानं अनुराधा भसीन प्रकरणात जानेवारी २०२० मध्येच सांगितलंय. आदेश वेळेवर हातात पडतो का, तो वेगळा विषय.)

आता तुझ्या बहिणीचा पेनड्राइव्ह कोर्स. लातूरला बसून ह्या विषयावर मी पुस्तक लिहू शकतो, नीटच्या सीझनला दुकानात दुसरं काही नसतंच. केस ठरलेली असते. औसा, निलंगा, रेणापूर कुठूनतरी बाप-लेक लॅपटॉप घेऊन येतात, लाईट गेली-आली, बोर्ड शॉर्ट झालं. कुठल्यातरी दुकानात बोर्ड बदलून घेतात, लॅपटॉप चालू होतो, आणि घरी गेल्यावर कळतं की “दादा, कोर्सच उघडंना की.” हेल्पलाइनला फोन केला तर उत्तर येतं, हे दुसरं डिव्हाइस आहे, तुमची दोन डिव्हाइसची लिमिट संपली, परत कोर्स घ्या. चाळीस हजार गेले, आणि लॅपटॉप तर तोच समोर ठेवलाय.

होतं काय की त्या प्लेअरनं पहिल्या दिवशी मशीनचा ठसा घेतलेला असतो. बोर्डाचा सिरियल नंबर, यूयूआयडी (मशीनचा वेगळा ओळख क्रमांक), हार्डडिस्कचा सिरियल, मॅक ॲड्रेस म्हणजे नेटवर्क कार्डचा नंबर, हे सगळं मिळून एक आकडा बनवतो आणि तोच कुलपाला किल्ली म्हणून लावतो. बोर्ड नवं आलं की ठसा बदलला. ह्यात तोडाफोडीची गरज बऱ्याचदा पडतच नाही. जुन्या बोर्डावर आठ पायांची एक छोटी बायोस आयसी (बोर्ड सुरू करणारा प्रोग्रॅम ठेवलेली चिप) असते, ती काढून प्रोग्रॅमर नावाच्या यंत्राला लावायची, आतला डंप म्हणजे सगळा डेटा वाचायचा, त्यातला सिरियल आणि यूयूआयडी घेऊन नवीन बोर्डावर लिहायचा, वायफाय कार्ड आणि हार्डडिस्क जुनीच ठेवायची. लॅपटॉप त्याच माणसाचा, नंबर त्याच लॅपटॉपचा, त्यामुळं ह्यात कुणाची चोरीही नाही. बहुतेक वेळा कोर्स उघडतो, काही प्लेअर मात्र अजून चार गोष्टी बघतात तिथं जमत नाही. विंडोजचं डिजिटल लायसनही असंच बोर्डाला बांधलेलं असतं. म्हणून माझी विनंती, बोर्ड बदलून घेत असाल तर जुनं बोर्ड दुकानदाराला भंगारात देऊ नका, हातात मागून घ्या. लोक देऊन येतात आणि मग माझ्याकडं रडतात.

आता खरा मुद्दा, लॉक तोडणं. आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम ६५-ए. त्यात असं आहे की कॉपीराइटचं संरक्षण करणारं तांत्रिक कुलूप जो कुणी ‘हक्कभंग करण्याच्या हेतूनं’ तोडेल त्याला २ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. तो हेतूचा शब्द तुमच्या जेलवाल्या पार्टीनं वाचलाच नाही. अमेरिकेत कुलूप तोडणं हेच मुळात बेकायदेशीर, हेतू काहीही असो, आणि कायद्यातल्या थोड्या अपवादांच्या बाहेर ज्याला सूट पाहिजे त्यानं दर ३ वर्षांनी तिकडच्या कॉपीराइट ऑफिसपुढं जाऊन मागायची. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथं आईस्क्रीमच्या मशीन दुरुस्त करण्यासाठी कुलूप तोडायची परवानगी मिळाली, मशीनसाठी, विचार कर. आपल्याकडं उलटं आहे. ६५-ए च्याच दुसऱ्या पोटकलमात लिहिलंय की कायद्यानं स्पष्ट मनाई न केलेल्या कामासाठी कुलूप काढलं तर हे कलम आड येत नाही. सुरक्षा तपासणी, एन्क्रिप्शनवरचं संशोधन, हेही वगळलंय.

मग मनाई नसलेलं काम कुठलं? त्यासाठी कलम ५२ बघ. स्वतःच्या खाजगी वापरासाठी किंवा संशोधनासाठी योग्य वापर, ५२(१)(ए), आणि २०१२ नंतर ते सिनेमा आणि रेकॉर्डिंगलाही लागू आहे. कॉम्प्युटर प्रोग्रॅमचं वेगळं आहे, तिथं कायदेशीर घेतलेल्या कॉपीचा बॅकअप, आणि बिगर-व्यापारी वैयक्तिक वापरासाठी कॉपी, दोन्हीला जागा दिलीय. म्हणजे तू पैसे देऊन घेतलेल्या पुस्तकाची स्वतःच्या टॅबवर वाचायला एक प्रत काढलीस, कुणाला वाटली नाहीस, विकली नाहीस, तर हा हक्कभंगाचा हेतू आहे असं म्हणणं अवघड आहे. माझं मत असं की हे कलम आपल्या बाजूचं आहे. पण एक लक्षात ठेव, गुन्हा नाही म्हणजे कंपनी गप्प बसंल असं नाही. तू ‘आय ॲग्री’ केलेलं असतं, अट मोडली म्हणून ती तुझं अकाउंट बंद करू शकते. पोलीस येणार नाहीत, पण लायब्ररी जाईल. हा फरक तुमच्या पूर्ण भांडणात कुणीच केला नाही, राव.

आणि त्या ६५-ए मध्येच आमच्यासारख्या दुकानदारांसाठी एक कारकुनी लपवलीय जी लई कमी लोकांना माहीत आहे. दुसऱ्याला कुलूप काढायला जो मदत करतो त्यानं त्या माणसाचं नाव, पत्ता, ओळख पटेल असा सगळा तपशील आणि कशासाठी काढलं ते कारण, ह्याची पूर्ण नोंद ठेवायची. माझ्या काउंटरवर लाल कापडी बांधणीचं एक रजिस्टर आहे, किराणा दुकानात उधारीचं असतं तसलंच. त्यात रकाने पाडलेत: तारीख, नाव-गाव, ओळखपत्र कुठलं, वस्तू काय, बिल दाखवलं का, कारण. सगळ्यात जास्त कटकट कारणाच्या रकान्याला होते. लोक लिहितात ‘पाहिजे म्हणून’. मी म्हणतो हे चालत नाही, नीट लिहा, आणि बिल नसंल तर मी हात लावत नाही. ह्या एका नियमानं निम्मी गिऱ्हाईकं परत जातात आणि ती जायलाच पाहिजेत.

त्या रजिस्टरमधली एक नोंद सांगतो, नाव अर्थातच नाही. नांदेडचा एक एमपीएससी करणारा पोरगा, दृष्टिहीन, मोबाइल टॉकबॅकवर, म्हणजे स्क्रीन बोलून दाखवणाऱ्या सोयीवर, वापरतो. पैसे देऊन ई-बुक घेतलं तर ॲपमध्ये प्रत्येक पान चित्रासारखं दाखवतात, स्क्रीनशॉटही बंद, टॉकबॅक नुसतं ‘इमेज, इमेज’ म्हणतं. त्याच्या दृष्टीनं ते पुस्तक म्हणजे कोरी वही. ह्यासाठी कायद्यात वेगळी तरतूद आहे, ५२(१)(झेडबी), अपंग व्यक्तीला वापरता येईल अशा रूपात कुठलंही साहित्य बदलून देता येतं, फक्त नफा काढायचा नाही. दृष्टिहीनांच्या पुस्तकांसाठी जो मराकेश करार झाला २०१३ ला, त्याला मान्यता देणारा जगातला पहिला देश भारत, २०१४ ला. पानं काढली, मराठी ओसीआर केलं, म्हणजे चित्रातली अक्षरं मजकुरात बदलली, जोडाक्षरांची वाट लागली होती ती त्याच्या बहिणीनं बसून सुधारली, आणि फाईल त्याच्या फोनवर बोलायला लागली. कारणाच्या रकान्यात त्यानं सांगितलं आणि मी लिहिलं: वाचण्यासाठी.

आता टेलिग्रामवाली पार्टी. कंपन्या लुटारू आहेत हे मान्य करू, तरी नवा मराठी सिनेमा रिलीजच्या दुसऱ्या दिवशी ग्रुपवर टाकणं ह्यातलं काहीच होत नाही. थेटरात कॅमेरा लावणाऱ्याला २०२३ च्या दुरुस्तीनंतर किमान ३ महिने कैद आणि किमान ३ लाख दंड आहे. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणाऱ्यालाही कलम ६३-बी आहे, आणि डीटीपी सेंटरवाल्यांनो, हे तुमच्यासाठी. शिवाय ती क्रॅकची फाईल सोबत काय घेऊन येते ते आम्ही रोज उघडून बघतो. रॅन्समवेअरनं, म्हणजे फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसनं, लग्नाच्या फोटोंचा पूर्ण सीझन अडकलेला फोटोग्राफर माझ्यासमोर बसलेला असतो तेव्हा त्याला डिजिटल हक्कावर भाषण द्यायची इच्छा होत नाही.

तुझ्या एका मित्रानं साय-हबचं (पैसे लागणारे शोधनिबंध फुकट देणारी साइट) काढलंय, की सायन्सचे पेपर तर लोकांच्या पैशातून होतात मग ते फुकट का नाहीत. ह्या मुद्द्यावर मी त्याच्या बाजूनं आहे. एल्सेव्हिअर, वाइली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी ह्या जर्नल काढणाऱ्या संस्था २०२० च्या डिसेंबरात दिल्ली हायकोर्टात गेल्या आणि ऑगस्ट २०२५ मध्ये साय-हब भारतात ब्लॉक करायचा आदेश आला. सरकारनं जर्नल वाचायला मिळावीत म्हणून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ आणलंय, ६,००० कोटी ३ वर्षांसाठी, ३० प्रकाशक, १३,००० च्या आसपास जर्नल. चांगलं आहे, पण ते सरकारी संस्थांपुरतं. खाजगी कॉलेजातल्या पोरानं काय करायचं? आधी पेपरचं नाव टाकून प्रीप्रिंट, म्हणजे छापण्याआधीची प्रत, शोध, फिजिक्स-गणित-कॉम्प्युटरचं बरंच काम १९९१ पासून चालू असलेल्या अर्काइव्ह (arXiv) साइटवर फुकट पडलेलं आहे. नाही मिळालं तर पेपरवर लेखकाचा ईमेल असतो, दोन ओळी लिही, लोक आनंदानं पाठवतात. पीएचडीचे प्रबंध शोधगंगावर, आणि शेतीचं काही पाहिजे असंल तर कृषिकोशवर, परभणीच्या विद्यापीठाचंही तिथं सापडतं. आणि झेरॉक्सबद्दल भांडलात म्हणून सांगतो, दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्सच्या दुकानावर ऑक्सफर्ड आणि केंब्रिजसकट मोठ्या प्रकाशकांनी २०१२ ला केस टाकली होती, २०१६ ला हायकोर्टाच्या एका न्यायाधीशांनी ती फेटाळली, त्याच वर्षी खंडपीठानं काही मुद्द्यांपुरती ती परत चालवायला सांगितली, पण २०१७ ला प्रकाशकांनीच ती मागं घेतली. शिकवण्यासाठी कोर्स पॅक (पुस्तकांतल्या निवडक पानांच्या झेरॉक्सचा गठ्ठा) काढणं चालतं, असा निकालाचा सूर होता. आम्हा दुकानदारांना तो निकाल पाठ आहे.

जुन्या गोष्टींबद्दलही गोंधळ दिसला. आपल्याकडं लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, पुढच्या १ जानेवारीपासून मोजायचं. साने गुरुजी १९५० ला गेले, म्हणून त्यांचं लिखाण २०११ पासून सगळ्यांचं. आपल्या नांदेडचे नरहर कुरुंदकर १९८२ ला गेले, तर त्यांची पुस्तकं २०४२ संपेपर्यंत हक्कात आहेत, कुणी कितीही पीडीएफ फिरवू दे. नामदेव, एकनाथ, दासोपंत सगळे मुक्त, पण एखाद्या संपादकानं अलीकडं लिहिलेली प्रस्तावना आणि टीपा त्याच्या. सिनेमाला प्रदर्शनापासून ६० वर्षं, म्हणजे १९६० चा सिनेमा २०२१ उजाडताना मोकळा झाला, पण त्यातल्या गाण्याच्या शब्दांचा हक्क कवीच्या हयातीवर वेगळा मोजतात. म्हणून जुनी गाणी रील्सला लावली तरी क्लेम येतो आणि पोरं चिडतात. मराठीत कायदेशीर फुकट वाचायचं असंल तर विश्वकोश पूर्ण ऑनलाइन आहे, साहित्य संस्कृती मंडळाची पुस्तकंही उतरवून घेता येतात, आणि ती साधी पीडीएफ असतात, कुलूप-बिलूप काही नाही.

राहिलं पैशाचं. कोर्स ‘लाईफटाइम’ म्हणून विकला आणि वर्षात बंद केला, बोर्ड बदललं म्हणून परत पैसे मागितले, तर ह्याला लॉक तोडणं हे उत्तर नाही, तक्रार हे उत्तर आहे. आधी कंपनीला ईमेल कर, फोनवर बोललेलं कुठं राहत नाही. मग १९१५ ला ग्राहक हेल्पलाइन. त्यानंही हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं तू जिथं राहतोस तिथंच केस टाकता येते, कंपनी बेंगळुरूची असो की दिल्लीची, येणार लातूरला. भरलेली रक्कम ५ लाखांच्या आत असंल तर फी शून्य, आणि अर्ज ऑनलाइनही होतो. फक्त एक काम आजच कर. कोर्स विकताना कंपनीनं जे पान दाखवलं होतं, ज्याच्यावर किती दिवस आणि किती डिव्हाइस हे लिहिलंय, त्याचा तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ठेव, बिलाच्या ईमेलसोबत. ते पान कंपनी कधीही बदलू शकते.